जिवाणूंचा कापूस

दिवाळी सरली की भैंसा पांढरं दिसायला लागतं. कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघालेल्या असतात आणि वाटेतल्या बाभळींना, तारांना, पानटपरीच्या पत्र्याला पुंजके लटकलेले असतात. गाव तेलंगणातलं. 2016 च्या ऑक्टोबरपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आता निर्मल जिल्ह्यात मोडतं. 1956 च्या राज्य पुनर्रचनेआधी भैंसा आणि नांदेड दोन्ही हैदराबाद राज्यातच होती, आणि नकाशावर रेघ ओढली म्हणून सोयरिकी काही मोडत नाहीत. माझे मामा तिथले. पाच-सहा एकर काळी जमीन. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि भांडण जुंपलं की दखनी.

मामांच्या पायाची गोष्ट फेब्रुवारीतली. शेतातल्या पऱ्हाट्या छाटून झाल्या होत्या आणि तिरपे कापलेले खुंट तेवढे वर राहिले होते. त्यातला एक चपलेचा तळ फोडून अंगठ्याच्या मुळाशी घुसला. मामांना कळलंच नाही. बारा वर्षांच्या शुगरने तळव्यांची जाणीव केव्हाच नेली होती. कळलं ते मामींना. संध्याकाळी त्या देवापाशी दिवा लावायला निघाल्या, तर फरशीवर पावलागणिक एक ओला, तांबूस ठसा.

गणपती आले तरी जखम उघडीच होती. रुपयाएवढी, कडा पांढरट आणि जाड, मधे फिकट तांबूस मांस आणि त्यावर एक बुळबुळीत थर. पुसला की जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. एकाआड एक दिवस कंपाउंडर ड्रेसिंगला यायचा. जुनी पट्टी सोडवताना गॉज जखमेला धरून बसलेलं असायचं. तो त्यावर सलाइन ओतायचा, थांबायचा, चिमट्याने एक कोपरा उचलायचा. गॉज सुटायचं ते चार-सहा लाल ठिपके मागे ठेवून. दोन दिवसांत जी कोवळी कातडी कडेने सरकलेली असे, ती धाग्यांना चिकटून वर यायची. मामांना दुखत नव्हतं, ते नुसते बघत बसायचे. एकदा म्हणाले, ‘‘मह्याच कापसाचं फडकं मलाच धरून बसलंय बघ.’’

विनोद म्हणून ठीक, पण जखमांच्या शास्त्रातली एक जुनी अडचण त्यात नेमकी सापडते. बर्मिंगहॅमचे शल्यविशारद सॅम्पसन गॅमजी यांनी 1880 मध्ये दोन गॉजच्या मधे शोषक कापूस घालून पट्टी तयार केली. रुग्णालयात आजही ‘गॅमजी पॅड’ म्हणतात ते हेच. कापूस ओल पितो, स्वस्त आहे, उकळता येतो. खोट इतकीच की तो ओल पितो आणि मग वाळतो. जखम कोरडी हवी, तिला वारा लागू द्यावा, ही आपल्याकडची घरोघरची समजूत. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवर केलेल्या प्रयोगात उलटंच दिसलं. पातळ पापुद्र्याखाली ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने पसरली. वाळलेल्या खपलीखाली पेशींना वाट खोदत जावं लागतं, ओलीत त्या सरळ सरकतात.

आता त्या बुळबुळीत थराकडे वळू. तो पू नव्हे. जिवाणू स्वतःभोवती साखरेचा आणि प्रथिनांचा चिकट लगदा विणतात आणि त्यात वस्ती करून राहतात. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात, आपण बुळी म्हणू. मोरीच्या कडेला, पाण्याच्या टाकीच्या तळाशी हाताला लागते तीच. 2008 मध्ये अमेरिकी संशोधकांनी 50 जुनाट आणि 16 ताज्या जखमांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जुनाट जखमांपैकी 60 टक्क्यांत बुळी सापडली, ताज्यांपैकी फक्त 6 टक्क्यांत. या लगद्यात औषध नीट मुरत नाही. आपल्या पांढऱ्या पेशी तिथे पोचतात, पण आत शिरता येत नाही म्हणून बाहेरूनच एन्झाइम सोडत राहतात. शाळेच्या पुस्तकात ज्यांना विकर म्हटलंय तीच ही. ती जिवाणूंचं फार बिघडवत नाहीत, आपलंच नवं विणलेलं कोलॅजन मात्र खाऊन टाकतात. दिवसा बांधलेली भिंत रात्री पाडायची, असा कारभार महिनोन्‌महिने चालतो.

अशा ठिकाणी जिवाणूंनीच केलेला माल औषध म्हणून लावायचा, हे ऐकायला चमत्कारिक वाटेल. खरं तर आपण ते कधीपासून करतो आहोत. घरातल्या डब्यात निओस्पोरिनची पावडर असते ना, तिच्यात तीन औषधं आहेत आणि तिन्ही जिवाणूंची. निओमायसिन 1949 मध्ये सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून निघालं, पॉलिमिक्सिन त्याच्या दोनच वर्षं आधी दुसऱ्या एका मातीतल्या जिवाणूपासून. तिसऱ्याची कथा तर थेट जखमेतली. 1943 मध्ये न्यूयॉर्कला एका सात वर्षांच्या मुलीच्या पायाचं हाड मोडून बाहेर आलं होतं. त्या जखमेतून घेतलेल्या नमुन्यात बॅसिलस जातीचा एक जिवाणू इतरांना वाढू देईना. कोलंबिया विद्यापीठात बाल्बिना जॉन्सन आणि फ्रँक मेलेनी यांनी त्याने सोडलेला पदार्थ वेगळा काढला. मुलीचं आडनाव ट्रेसी. बॅसिलसमधला ‘बॅसि’ आणि तिच्या आडनावातला ‘ट्रेसी’ जोडून औषध झालं बॅसिट्रेसिन. जखमेतल्या एका रहिवाशाने बाकीच्यांना हुसकून लावायला केलेलं रसायन आपण डबीत भरून विकतो आहोत.

दुसरं उदाहरण त्याहून रांगडं आहे. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या मातीने भरलेल्या जखमा सडायच्या. 1916 मध्ये पॅरिसच्या वेनबर्ग आणि सेगँ यांनी अशा जखमांतून एक जिवाणू वेगळा केला आणि त्याचं नाव ठेवलं हिस्टोलिटिकम, म्हणजे ऊती विरघळवणारा. मांस खाणारा राक्षसच म्हणायचा. पण तो ज्या हत्याराने मांस विरघळवतो ते एकटं काढून घेतलं तर? इनेस मँड्ल यांनी 1953 मध्ये ते काढलं. त्याचं नाव कोलॅजिनेज. आज त्याचं मलम मिळतं आणि शस्त्र न लावता जखमेतला मेलेला, पिवळा थर सैल करायला डॉक्टर ते वापरतात. राक्षस बाटलीबाहेर ठेवायचा आणि त्याची सुरी तेवढी वापरायची. या विषयातला हा सगळ्यात पक्का हिशेब आहे असं मला वाटतं, कारण सुरीला पिल्लं होत नाहीत. जिवाणूला होतात.

अधिक रंगतदार भाग आहे तो आंबटपणाचा.

धडधाकट कातडी आंबट असते. तिचा पीएच साधारण 4 ते 6. जुनाट जखमेचा पीएच 7 च्या वर, कधी कधी 9 च्या आसपास सरकलेला असतो. जखम आंबटाकडून अल्कधर्मीपणाकडे गेली की कोलॅजन खाणारी ती एन्झाइम जोमात येतात आणि जिवाणूंनाही बरं पडतं. मग बाहेरून आंबट घातलं तर? भैंस्याहून नांदेड ओलांडून आणखी पुढे गेलं की लातूर. तिथल्या एमआयएमएसआर वैद्यकीय महाविद्यालयातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बसवराज नागोबा आणि त्यांचे सहकारी नव्वदच्या दशकापासून हेच करत आले. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या जखमा, त्यातही स्यूडोमोनास या हिरवट पू करणाऱ्या, चिवट जिवाणूने धरलेल्या. त्यांवर त्यांनी सायट्रिक आम्लाचं सौम्य, 3 टक्क्यांच्या आसपासचं द्रावण लावलं. लिंबाच्या आंबटाचंच हे रसायन. 1998 मध्ये त्यांचा निबंध रुग्णालयीन संसर्गावरच्या एका ब्रिटिश नियतकालिकात आला, आणि त्याच्या शीर्षकातच उपाय परिणामकारक तसाच स्वस्त असल्याचं म्हटलं होतं. जिवाणूंना नकोसं वाटेल असं वातावरण आणि नव्या पेशींच्या वाढीला हात, अशी दुहेरी कारणं त्यांनी मांडली. मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या गावात झालेलं हे काम मराठीत फारसं कुणी सांगितलेलं नाही, याचं मला दरवेळी आश्चर्य वाटतं.

वाचक हुशार असेल तर इथे हात वर करील. कारखान्यातलं सायट्रिक आम्ल जिवाणू करत नाहीत, काळी बुरशी करते. मान्य. पण याच घराण्यातली दुसरी दोन आम्लं अस्सल जिवाणूंची आहेत. पहिलं अॅसिटिक, म्हणजे व्हिनेगरचं. भैंस्याकडे शिंदी दुपारपर्यंत गोड असते आणि ठेवली की आंबट होत जाते. ती करामत अॅसिटोबॅक्टरच्या कुळाची. स्यूडोमोनासने हिरवी पडलेली जखम पातळ अॅसिटिक आम्लाने धुणं ही रुग्णालयातली फार जुनी रीत आहे, आणि नागोबांच्या गटाने तिचाही आढावा घेतला आहे. दुसरं लॅक्टिक आम्ल. ते आपल्या विरजणातलं.

विरजणाच्या भावकीतला एक जिवाणू लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम. लोणची, आंबवलेल्या भाज्या हे त्याचं राहतं घर. अर्जेंटिनातल्या तुकुमान इथे हुआन कार्लोस व्हाल्देझ आणि त्यांच्या गटाने तो भाजलेल्या जखमांवर लावून पाहिला. आधी उंदरांवर. मग 2009 मध्ये 80 भाजलेल्या रुग्णांवरचा अभ्यास छापला, त्यात तुलनेला होतं सिल्व्हर सल्फाडायझिन, भाजल्यावर लावतात ते नेहमीचं पांढरं मलम. जिवाणूने मलमाच्या तोडीस तोड काम केलं. त्यापुढे त्यांनी मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या पायांवरच्या जुनाट जखमा घेतल्या. मला त्यांची नंतरची पायरी जास्त आवडते. जिवाणू वाढवायचे, मग ते गाळून काढायचे आणि मागे उरलेलं पाणी तेवढं वापरायचं. त्या पाण्यात लॅक्टिक आम्ल असतं, आणि स्यूडोमोनास एकमेकांना जे रासायनिक निरोप धाडून वस्ती उभारतात त्यांत बिघाड करणारे पदार्थही असतात. दह्याची चक्का-निवळी करतो तसंच हे. चक्का बाजूला, निवळीचं औषध.

हे वाचून कुणी घरचं दही पायाला लावू नये, म्हणून दोन वाक्यं खर्चतो. विरजणात कोणकोणते जिवाणू किती आहेत ते कुणालाच ठाऊक नसतं. शुगरने किंवा आजाराने प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसात एरवीचे गरीब लॅक्टोबॅसिलसही क्वचित रक्तात उतरतात. मामींनी हळद लावून पाहिली होती, शेजारच्यांनी बिडीची राख सुचवली होती. दही तेवढं कुणाला सुचलं नाही हे नशीब.

आता कापसाकडे परत. 1886 मध्ये एड्रियन ब्राउन नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ व्हिनेगरवर धरणारी साय तपासत होते. व्हिनेगर जुनं झालं की वर एक जाड, लिबलिबीत थर येतो. इंग्लंडात त्याला व्हिनेगरची आई म्हणत. ब्राउनना आढळलं की ही साय म्हणजे सेल्युलोज आहे. सेल्युलोज म्हणजे कापूस. बोंडातल्या रुईत नव्वद टक्क्यांहून जास्त जे असतं तेच, फक्त झाडाशिवाय, उन्हाशिवाय, एका जिवाणूने विणलेलं. बोंडअळी नाही, वेचणी नाही, कापूस भिजला म्हणून आडतीवर कापला जाणारा भाव नाही. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, ‘‘क्विंटलला काय जातो?’’

धागा मात्र फार वेगळा. कापसाचा तंतू साधारण 15 मायक्रॉन जाड, आपल्या केसाच्या पाव-पंचमांश. जिवाणूचा तंतू त्याच्याही शंभराव्या भागाइतका बारीक. जिवाणूच्या अंगावरच्या सूक्ष्म भोकांमधून तो रेशमासारखा बाहेर पडतो आणि लाखो जिवाणू हलत-वळत ही जाळी विणत राहतात. तिच्यात पाणी इतकं अडकतं की ओल्या सायीच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. फिलिपिन्समध्ये नारळाच्या पाण्यावर ही साय धरवून, चौकोनी तुकडे करून पाकात खातात. नाटा दे कोको म्हणून ती आपल्याकडच्या मॉलमध्येही येते. बोटात धरली तर लगेच कळतं: गार, निसरडी, चिवट, दाबली तर पाणी सोडते पण फाटत नाही.

जखमेवर ठेवायला याहून चांगलं काय हवं? ओल धरून ठेवते, जास्तीचा स्राव शोषते, आणि तिची जाळी इतकी बारीक की बाहेरचे जिवाणू आत येत नाहीत. वाढत्या कातडीला धरून बसायला कापसासारखे मोकळे धागेही तिला नसतात. ब्राझीलमधल्या संशोधकांनी 1990 मध्ये ही साय वाळवून भाजलेल्या, सोललेल्या अंगावर तात्पुरती कातडी म्हणून वापरल्याचं लिहिलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ज्युतिका राजवाडे, किशोर पाकणीकर आणि जे. व्ही. कुंभार यांनी यावर बरंच काम केलं. महाग अन्नद्रवाऐवजी त्यांनी अननसाच्या आणि कलिंगडाच्या साली वापरून पाहिल्या आणि सायीचं उत्पादन वाढलेलं दिसलं. 2015 मध्ये याच गटाने या सायीच्या वैद्यकीय उपयोगांचा मोठा आढावाही लिहिला. ज्यूसवाला ज्या साली गाईपुढे टाकतो त्यातून मलमपट्टी निघते आहे. एक गोष्ट ध्यानात ठेवायची. या सायीला स्वतःला जिवाणू मारता येत नाहीत, ती धुऊन, निर्जंतुक करून वापरतात. मारायचं काम हवं असेल तर तिच्यात चांदीचे कण किंवा दुसरं औषध भरावं लागतं.

सगळ्यात नवी वाट स्वीडनमधली. उपसाला विद्यापीठात मिया फिलिपसन आणि सहकाऱ्यांनी लॅक्टोबॅसिलस रॉयटरी या जिवाणूत जनुक घालून त्याच्याकडून एक मानवी प्रथिन करवून घेतलं. ते प्रथिन म्हणजे जखमेच्या जागी दुरुस्ती करणाऱ्या पेशींना थांबवून ठेवणारी हाक. नुसतं प्रथिन जखमेत टाकलं तर तिथली एन्झाइम काही वेळात त्याचे तुकडे करतात. जिवाणूच जखमेत बसला तर तो हाक देत राहतो. शिवाय तो लॅक्टिक आम्ल सोडतो, पीएच खाली येतो, आणि प्रथिनाचे तुकडे करणारं एन्झाइम ढिलं पडतं. पुन्हा आंबटच! 2018 मध्ये उंदरांवरचे निष्कर्ष आले, 2023 मध्ये 36 निरोगी स्वयंसेवकांच्या दंडांवर मुद्दाम केलेल्या लहान जखमांवरची पहिली चाचणी छापून आली. लावायला सुरक्षित, एवढं तिने दाखवलं. निरोगी तरुणाचा दंड आणि बारा वर्षं शुगर मुरलेला तळवा यांत जे अंतर आहे ते अजून कापायचं आहे. आयसीएमआरच्या 2023 च्या अंदाजाप्रमाणे भारतात मधुमेहाचे 10 कोटींहून जास्त लोक आहेत, म्हणजे तळव्यांची कमी नाही.

अंतर आणखी एका कारणाने लांब आहे आणि ते कोणत्याही जिवाणूच्या हाती नाही. भैंस्याहून बासरला गोदावरी ओलांडली की निजामाबाद, आणि त्याच्या थोडं पुढे डिचपल्ली. तिथे 1915 मध्ये इझाबेल केर या डॉक्टरबाईंचं आणि त्यांचे पती जॉर्ज यांचं कुष्ठरुग्णालय सुरू झालं. कुष्ठरोगातही तळव्याची जाणीव जाते, आणि मग अगदी मामांसारख्याच जखमा होतात. त्या बऱ्या का होत नाहीत याचं उत्तर कुष्ठरोगाचं काम करणाऱ्यांनीच शोधलं: दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो. भारतात 1930 च्या दशकात जोसेफ खान यांनी अशा पायांना प्लास्टर घातलं. हात मोडल्यावर घालतात तसंच, पण तळव्यावरचा भार सगळ्या पावलावर वाटला जाईल अशा बेताने. पुढे पॉल ब्रँड यांनी वेल्लोरमध्ये ते वापरलं आणि अमेरिकेत नेलं. तिथे मधुमेही पायांच्या उपचारात ते प्रमाण मानलं जाऊ लागलं. भारतातल्या गरिबाच्या पायाकडून अमेरिकेने घेतलेली ही विद्या निओस्पोरिनच्या डबीवर लिहिलेली नसते.

मामांची जखम शेवटी प्लास्टरनेच मिटली. त्याआधी एका डॉक्टरने कडेचा सगळा पांढरट जाड भाग पात्याने साफ केला, बुळीसकट. मग सहा-सात आठवडे प्लास्टर, दर आठवड्याला बदललेलं. आत ठेवली ती साधी ओलसर पट्टी. ना स्वीडनचा जिवाणू, ना पुण्याची साय. अशी साय त्या गावात मिळाली असती तर गॉजबरोबर उपटली गेलेली कातडी वाचली असती आणि दोन-तीन आठवडे कमी लागले असते असा माझा कयास आहे. त्याला पुरावा काही नाही.

आता ते एमसीआरच्या मऊ रबराची चप्पल घालतात. ‘म्हाताऱ्याची’ म्हणून आधी नाक मुरडलं होतं. पऱ्हाट्या काढायच्या दिवसांत शेतात जायला मामींनी मनाई केली आहे. मामा ती पाळत नाहीत. पण रात्री जेवणं झाली की पडवीतल्या बल्बखाली बसून दाढीचा आरसा तळव्याखाली धरतात आणि पाय इकडून तिकडे वळवून बघतात. दिसत नाही म्हणून मामींना हाक मारतात. मामी चष्मा शोधत येतात.